वाटाड्या आणि सुकाणदार

शास्त्रभाग : प्रेषितांची कृत्ये २७:९-४४, याकोब ३:४



‘पायलट’ हा शब्द आपल्या देशात आता कोणाला अपरिचित राहिलेला नाही. विमान चालवणारा तो पायलट, हे शाळेतले मूलही सांगते. गोव्यात भाड्याच्या मोटारसायकलीवरून उतारूंना नेणाऱ्यालाही पायलटच म्हणतात. मंत्र्यांच्या ताफ्यापुढे धावणारी गाडी, तीही ‘पायलट गाडी’. आता या दोन पायलटांकडे जरा निरखून पाहा. गोव्यातील पायलटाच्या हाती वाहनाचे हँडल असते. मागे बसलेल्याने काहीच करावयाचे नसते. ताफ्यापुढील पायलट गाडीच्या हाती मात्र मागच्या गाडीचे चाक नसते. ती पुढे राहून वाट दाखवते. मागच्या गाडीचे चाक मागच्याच चालकाला फिरवावे लागते.

आपण प्रार्थनेत प्रभूला आपल्या जीवननौकेचा नावाडी म्हणतो, कर्णधार म्हणतो, मार्गदर्शक म्हणतो. हे सर्व म्हणताना आपल्याला नेमका कोणता पायलट हवा असतो? मागे स्वस्थ बसू देणारा, की पुढे चालून आपल्याला चाक फिरवावयास लावणारा? या एका प्रश्नाचा आज आपण शास्त्राच्या प्रकाशात विचार करू.

दोन शब्द, दोन माणसे

इंग्रजी भाषेत जहाज हाकणाऱ्यासाठी जवळजवळचे दोन शब्द आहेत : ‘पायलट’ आणि ‘हेल्म्समन’. बोलताना लोक एकाऐवजी दुसरा सहज वापरतात. यात त्यांचा फारसा दोषही नाही, कारण दोन्ही शब्दांचे मूळ सुकाणूतच आहे. ‘हेल्म’ म्हणजे सुकाणू. ‘पायलट’ हा शब्द फ्रेंच व इटालियन भाषांतून फिरत आला असला तरी त्याचे मूळ ग्रीक आहे, आणि त्या ग्रीक शब्दाचा अर्थ वल्हे, सुकाणूचे वल्हे असा आहे. याकोबाने आपल्या पत्रात लहानशा सुकाणूचा जो दृष्टान्त दिला, त्यात सुकाणूसाठी आलेला ग्रीक शब्द याच कुळातला. प्राचीन काळी ज्याच्या हाती सुकाणू त्यालाच वाट ठाऊक असे. म्हणून एकच माणूस दोन्ही होता.

पुढे जहाजे मोठी झाली, बंदरे दूर नद्यांच्या पोटात वसली, आणि ही दोन कामे दोन माणसांकडे गेली. कोलकात्याचे उदाहरण घ्या. खुल्या समुद्रातून हुगळी नदीच्या मार्गाने त्या बंदरात जावयाचे तर दोनशे किलोमीटरांहून अधिक अंतर पायलटाच्या मार्गदर्शनाखाली कापावे लागते. नदीच्या तळाची वाळू एका जागी राहत नाही. आज जेथे खोल पाणी, तेथे काही दिवसांनी उथळ. त्या नदीत ‘जेम्स अँड मेरी’ नावाचा एक कुप्रसिद्ध वाळूचा दांडा आहे. १६९४ साली ‘रॉयल जेम्स अँड मेरी’ हे जहाज तेथे बुडाले आणि त्याचेच नाव त्या जागेला चिकटले. साता समुद्रांचा अनुभव असलेला कप्तानही अशा पाण्यात आंधळा ठरतो. म्हणून पायलट जहाजावर चढतो. त्याला ती नदी ठाऊक असते.

पण तो चढला म्हणून चाक हाती घेत नाही. चाकापाशी उभा असतो तो हेल्म्समन, म्हणजे सुकाणदार. हिंदी खलाशांच्या बोलीतून गेलेला ‘सीकनी’ हा त्याच्यासाठीचा एक शब्द जुन्या इंग्रजीत रूढ होता. तो आपल्या ‘सुकाणू’चाच भाऊबंद. पायलट सांगतो, “पोर्ट टेन”, म्हणजे सुकाणू डावीकडे दहा अंश. सुकाणदार तोच हुकूम मोठ्याने परत उच्चारतो, चाक फिरवतो, आणि सुकाणू दहा अंशांवर आले की पुन्हा मोठ्याने तसे कळवतो. आधी उच्चार, मग कृती, मग निवेदन. यातले काहीही गाळावयाचे नाही. हुकूम ऐकून नुसती मान डोलावणारा सुकाणदार कोणत्याही जहाजावर ठेवला जात नाही.

प्रियहो, वचन ऐकणारेच न होता त्याप्रमाणे आचरण करणारे व्हा, असे जे याकोब आपल्याला बजावतो, त्याचे याहून चांगले चित्र कोणते? ऐकलेले वचन ओठांनी कबूल करणे ही आपली साक्ष. हाताने ते करणे हे आपले आज्ञापालन. केले ते प्रभूला परत कळवणे ही आपली संध्याकाळची प्रार्थना. आपल्यापैकी पुष्कळांचा उच्चार स्पष्ट असतो. चाक मात्र जागचे हललेले नसते.

सौम्य दक्षिण वारा

आता पौलाच्या तारवाकडे वळू. यूल्य नावाचा शताधिपती कैद्यांना घेऊन रोमकडे निघाला आहे. तारू क्रेत बेटावरील ‘सुंदर बंदर’ नावाच्या ठिकाणी थांबले आहे. उपवासाचा दिवस, म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस, उलटून गेला आहे. समुद्रप्रवासाचा हंगाम संपत आला आहे. पुढे गेल्यास तारवाची व जिवाचीही हानी होईल, असा इशारा पौल देतो. शताधिपती मात्र पौलापेक्षा सुकाणदाराचे व तारवाच्या मालकाचे अधिक ऐकतो. लूकाने येथे वापरलेला ग्रीक शब्द ‘कुबेर्नेतेस’, म्हणजे तारू हाकणारा. हाच शब्द लॅटिनमध्ये ‘गुबेर्नातोर’ झाला व इंग्रजीत ‘गव्हर्नर’. राज्य चालवणे आणि नाव हाकणे यांचे मूळ एकच आहे.

शताधिपतीचे वागणे वरवर पाहता शहाणपणाचेच होते. एका बाजूला धंद्यातला जाणता माणूस व तारवाचा धनी, दुसऱ्या बाजूला बेड्या घातलेला कैदी. बहुमतही पुढे जावे असेच पडले. आणि वर दक्षिणेकडून सौम्य वारा वाहू लागला. झाले! आपला हेतू सिद्धीस गेलाच, असे त्यांना वाटले. त्यांनी नांगर उचलला.

त्या सौम्य वाऱ्यापाशी आपण क्षणभर थांबू या. तज्ज्ञांचे मत, बहुमत आणि अनुकूल परिस्थिती ही तिन्ही एकत्र आली की आपणही म्हणतो, “प्रभूनेच दार उघडले.” परदेशातील नोकरीचे पत्र येते, पगार मोठा असतो, सारे नातलग ‘जा’ म्हणतात, आणि ज्या घरात म्हातारी आई अंथरुणाला खिळली आहे, त्या घराचा विचार प्रार्थनेत शिरूच दिला जात नाही. मुलीला स्थळ येते, घर चांगले, गाडी-बंगला आहे. त्या मुलाच्या व्यसनाविषयी कोणी हळूच सुचवले तर तो आवाज बेड्यांतल्या पौलाचा ठरतो. दार उघडणे ही खूण असू शकते; पण दक्षिण वारा हा पायलट नव्हे. वारा अनुकूल आहे एवढेच तो सांगतो. पुढच्या पाण्यात काय आहे हे त्याला ठाऊक नसते.

थोड्याच वेळात बेटावरून युरकुलोन नावाचा तुफानी वारा सुटला. तारू वाऱ्याला तोंड देईना, तेव्हा त्यांनी ते तसेच वाहू दिले. सुकाणू होते, सुकाणदार होता, अनुभव होता; वाट दाखवणाऱ्याचे शब्द मात्र सुंदर बंदरातच मागे राहिले होते.

आपल्या काळातील एक घटना येथे आठवते. २४ मार्च १९८९ रोजी, तो उत्तम शुक्रवार होता, अलास्काच्या किनाऱ्याजवळ ‘एक्झॉन व्हाल्डीझ’ हे तेलवाहू जहाज मध्यरात्रीनंतर खडकावर चढले. सुमारे चार कोटी लिटर तेल समुद्रात सांडले. अगणित पक्षी, सील व मासे मेले. किनाऱ्यावरील कोळ्यांचा धंदा बुडाला. पायलट आपले ठरलेले काम संपवून जहाज धडकण्यापूर्वी पाऊण तासाच्या आत उतरून गेला होता. कप्तान चाकघरात नव्हता. एक थकलेला कनिष्ठ अधिकारी आणि चाकावरचा सुकाणदार एवढेच तेथे होते. चाकावर हात होते. योग्य वेळी योग्य शब्द सांगणारे मात्र कोणी नव्हते.

वचन असूनही खलाशी हवेत

येथवर सांगितलेला धडा आपण पुष्कळदा ऐकलेला असतो : प्रभूचे ऐका. परंतु प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा सत्ताविसावा अध्याय येथे संपत नाही, आणि त्याच्या उत्तरार्धातील धडा आपल्या कानांवर क्वचितच पडतो.

अनेक दिवस सूर्य दिसला नाही, तारे दिसले नाहीत. वाचण्याची आशा सुटली. तेव्हा देवाच्या दूताने रात्री पौलाजवळ उभे राहून अभय दिले. तारवातील सर्व जणांचे प्राण देवाने पौलाला देणगीदाखल दिले होते. एकाही जिवाचा नाश होणार नाही, तारवाचा मात्र होईल, असे पौलाने सर्वांना सांगितले. यापेक्षा स्पष्ट वचन कोणते असू शकते?

मग चौदावी रात्र आली. जमीन जवळ आल्याचा खलाशांना भास झाला. त्यांनी बुडीद टाकून पाहिले तो पाणी वीस वाव, थोड्या वेळाने पंधरा वाव. खडकाच्या भीतीने वरामावरून चार नांगर टाकले. आणि तेवढ्यात, नाळीवरून नांगर टाकण्याच्या निमित्ताने होडी खाली सोडून खलाशी पळून जाऊ लागले. तेव्हा पौल शताधिपतीला म्हणाला की, हे तारवात राहिले नाहीत तर तुमचा बचाव होणार नाही.

बंधुभगिनींनो, हे वाक्य पुन्हा पुन्हा वाचण्यासारखे आहे. देवाने सर्वांचे प्राण दिले आहेत, आणि तरीही खलाशी हवेत! पौलाच्या विश्वासात या दोहोंचा झगडा नव्हता. देवाचे अभिवचन खलाशांच्या हातांना रजा देत नाही. त्या हातांना कामाला लावते. पहाट झाली तेव्हा दोनशे शहात्तर जणांपैकी कोणीही हात जोडून बसून राहिला नव्हता. त्यांनी अन्न खाल्ले, गहू समुद्रात टाकून तारू हलके केले, नांगर सोडून दिले, सुकाणूंची बंधने सैल केली, शीड वाऱ्यावर उभारले आणि किनाऱ्याचा रोख धरला. सुकाणूंची बंधने सैल केली, ही बारीकशी नोंद लूकाने वाया घातलेली नाही. देवाने दिलेल्या वचनाची पूर्तता होण्याच्या घटकेला कोणाचा तरी हात सुकाणूवर हवा होता.

विश्वासाच्या नावाखाली आपण कधी कधी आळस पोसतो. “प्रभू दाखवील तसे करीन,” असे म्हणत तरुण मुलगा तीन वर्षे एकही अर्ज भरत नाही. “प्रभूची इच्छा असेल तर समेट होईल,” असे म्हणत दोन भाऊ एकाच मंडळीत दोन बाकांवर पाठी फिरवून बसतात. पहिले पाऊल कोणी टाकत नाही. पायलट जहाजावर आहे, हुकूमही झाला आहे, भावाबरोबर समेट कर आणि मग अर्पण वाहा. पण चाकावर कोणी हातच ठेवत नाही. याला आपण प्रभूची वाट पाहणे म्हणतो. प्रभू मात्र आपली वाट पाहत असतो.

गालील समुद्रावरील प्रसंगही हेच शिकवतो. येशू मचव्याच्या वरामावर उशी घेऊन झोपला होता. वराम म्हणजे मचव्याचा मागचा भाग. सुकाणू धरण्याची जागा तीच. प्रभू सुकाणूच्या अगदी जवळ होता, आणि झोपला होता. मचवा चालवत होते ते शिष्य; त्यांतले कित्येक जन्माचे कोळी. हाकेसरशी तो उठला, पण त्याने सुकाणू हाती घेतल्याचे शुभवर्तमान सांगत नाही. त्याने वाऱ्याला धमकावले व समुद्राला शांत केले. जे शिष्यांना अशक्य होते ते त्याने केले. जे त्यांना शक्य होते ते त्यांच्याकडेच ठेवले. त्या निवांत पाण्यातून पलीकडच्या किनाऱ्याला मचवा त्यांनाच न्यावा लागला असेल.

मंडळीचे सुकाणू

पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात कृपादानांची यादी आहे. तिच्यात व्यवस्था पाहण्याचे जे दान सांगितले आहे, त्याचा मूळ ग्रीक शब्द ‘कुबेर्नेसिस’, म्हणजे नाव हाकण्याचे काम. पाळक, धर्मगुरू, वडीलमंडळ, विश्वस्त, महिला संघाच्या चिटणीस, शब्बाथशाळेचे शिक्षक या सर्वांचे हे दान आहे. ते सुकाणदाराचे दान आहे हे त्यांनी विसरता कामा नये.

सुकाणदाराने स्वतःला पायलट समजू लागणे, यात मंडळीचा मोठा धोका आहे. “प्रभूने मला सांगितले आहे,” एवढे उच्चारले की पुढे कोणी प्रश्न विचारू नये, अशी प्रथा काही ठिकाणी पडत चालली आहे. कोणाचे लग्न कोठे व्हावे, मंडळीची जमीन कोणाला द्यावी, कोणी दशांश किती द्यावा, कोणी औषध घ्यावे की टाकावे, हे सारे त्या एका वाक्याने ठरू लागते. अशा ठिकाणी हुकूम परत मोठ्याने उच्चारण्याचा नियम उपयोगी पडतो. जो हुकूम सर्वांसमोर, शास्त्र उघडून, स्पष्ट शब्दांत पुन्हा उच्चारता येत नाही, तो पायलटाचा हुकूम असण्याचा संभव थोडा. याकोबाने सुकाणदारासाठी वापरलेल्या मूळ शब्दाचा अर्थ ‘सरळ नेणारा’ असा आहे. तेच क्रियापद नव्या करारात आणखी एकदाच येते : प्रभूचा मार्ग सरळ करा, या योहानाच्या घोषणेत. बाप्तिस्मा करणारा योहान स्वतःला ख्रिस्त म्हणवून घेण्यास तयार नव्हता. मार्ग सरळ करून बाजूला होणे, एवढेच त्याने आपले काम मानले. मंडळीच्या प्रत्येक सुकाणदाराने त्याच्याकडून शिकावे.

जेव्हा सुकाणू ऐकत नाही

वाचकांपैकी काहींच्या मनात येथे एक दुखरा प्रश्न उभा राहिला असेल. “मी ऐकले, चाकही फिरवले, पण जहाज वळलेच नाही. आजार हटला नाही. मुलगा परतला नाही. मग काय?”

२६ मार्च २०२४ रोजी अमेरिकेतील बाल्टिमोर बंदरातून ‘डाली’ नावाचे मालवाहू जहाज मध्यरात्रीनंतर बाहेर पडत होते. त्यावरील बहुतेक खलाशी आपले भारतीय बांधव होते. पाणी जाणणारे पायलट चाकघरात हजर होते, सुकाणदारही होता. अचानक जहाजाची वीज गेली. हुकूम झाले, नांगर सोडण्यास सांगितले गेले. पण ते प्रचंड जहाज वळेना, आणि ते पुलाच्या खांबावर आदळले. पूल कोसळला. रात्रपाळीला पुलाचा रस्ता दुरुस्त करणारे सहा मजूर मृत्युमुखी पडले. तथापि त्या काही मिनिटांत जहाजावरून धोक्याचा संदेश गेला होता, आणि पोलिसांनी पुलावर येणारी वाहने वेळीच अडवली. जहाज वळले नाही, तरी तोंडून निघालेला शब्द व्यर्थ गेला नाही. तो गेला नसता तर आणखी किती जण पुलावर असते!

आज्ञापालन केले की प्रत्येक तारू बंदराला लागतेच, असे आश्वासन शास्त्र देत नाही. पौलाचे तारूही फुटले. वचन जिवांविषयी होते, तारवाविषयी नव्हते. काही पोहत, काही फळ्यांवर, काही तारवाच्या तुकड्यांवर, असे ते मिलिता बेटाच्या किनाऱ्याला लागले. तुमचे तारू आज फुटले असेल तर प्रभूने तुम्हांला टाकले असे समजू नका. ज्या तुकड्याला धरून तुम्ही तरंगत आहात, तोही त्याच्याच हातचा असेल. आणि तुमच्या वेदनेतून निघालेल्या एका इशाऱ्याने मागून येणारा कोणी कदाचित पुलाअलीकडेच थांबेल.

उपमेची मर्यादा

आता एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. बंदराचा पायलट अवघड पाण्यापुरता चढतो, खुला समुद्र आला की दोरीच्या शिडीवरून उतरून जातो. आपण प्रभूला असाच वागवतो : परीक्षा, शस्त्रक्रिया, लग्न, कोर्टाची तारीख, तेवढ्यापुरते त्याला वर घ्यावयाचे. दुसरे असे की, पायलट जहाजावर असला तरी बहुतेक बंदरांत जहाजाची अंतिम जबाबदारी कप्तानाचीच राहते. पायलटाचे ऐकावे की नाही हे शेवटी तो ठरवतो. प्रभू येशूच्या बाबतीत ही उपमा येथे तुटते, आणि तुटलीच पाहिजे. तो पाहुणा वाटाड्या नाही. तारू त्याचे आहे. त्याने ते आपल्या रक्ताने विकत घेतले आहे. तो सल्ला देऊन उतरून जात नाही. युगाच्या समाप्तीपर्यंत सोबत राहण्याचे त्याने वचन दिले आहे.

म्हणून या आठवड्यात प्रत्येकाने आपल्या एका अडलेल्या निर्णयापुढे बसावे आणि स्वतःला दोन प्रश्न विचारावेत. या बाबतीत प्रभूचा जो शब्द मला आधीच मिळाला आहे, तो मी मोठ्याने उच्चारला आहे काय? आणि उच्चारला असेल, तर माझा हात अजून चाकावर का गेलेला नाही?

प्रार्थना : हे प्रभो, सौम्य वाऱ्याला आम्ही तुझा आवाज समजू नये आणि तुफानाला तुझा त्याग समजू नये, अशी बुद्धी आम्हांस दे. तुझा शब्द आमच्या ओठांवर आण व आमचे थकलेले हात सुकाणूवर स्थिर कर. तारू राहो अथवा फुटो, आम्हांला व आमच्या मागून येणाऱ्यांना तुझ्या किनाऱ्यावर सुखरूप ने. आमेन.